स्ट्रोब उडतो, शीट मात्र कोरी

कुडाळजवळच्या एका गावातली जत्रा. देवळामागच्या मांगरात मी ४ बाय ५ चा कॅमेरा (चार बाय पाच इंचांच्या सुट्या फिल्मवर, म्हणजे शीटवर, फोटो काढणारा), दोन स्ट्रोब (मोठे फ्लॅश) आणि एक राखाडी पडदा लावून बसले होते. दशावताराचं नाटक रात्री उशिरा उभं राहतं. तोंडं रंगवून झाली की मंडळी पेटाऱ्यापाशी विड्या ओढत बसतात, तेवढ्या अर्ध्या तासात मला राजाचं काम करणाऱ्या काकांच्या चार शीट काढायच्या होत्या. चारही वेळा दोन्ही स्ट्रोब उडाले. काकांनी दर वेळी डोळे मिचकावले, म्हणजे उजेड पडला यात शंका नाही. आठवड्यानं शीट धुतल्या तर पहिल्या दोन बऱ्या, तिसरी पातळ आणि चौथी कोरी. कोरी म्हणजे अगदी खिडकीच्या काचेसारखी.

काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "उजेड तर पडलो गो, मगे फोटो खंय गेलो?"

मीही वर्षभर स्वतःला हेच विचारत होते. कधी फिल्मला दोष दिला, कधी डेव्हलपरला (फिल्म धुवायच्या रसायनाला), एकदा तर पावसाळ्याला. लग्नाची कामं मी डिजिटलवर करते. तिथं फोटो काळा आला की दुसरा काढायचा, विषय संपला. चार बाय पाचच्या एका शीटच्या पैशात मालवणात मासळीची थाळी येते, आणि चूक कळते ती आठवड्यानं. पूर्वी स्टुडिओवाले आधी झटपट छापणाऱ्या फिल्मवर एक चाचणी काढून बघायचे. फुजीची एफपी-१००सी २०१६ मध्ये बंद झाली, तेव्हापासून ती सोय गेली. त्यामुळे हा घोळ कसा शोधला ते सविस्तर लिहिते.

आधी थप्प्या वेगळ्या करा

माझी मोठी चूक ही झाली की वाया गेलेल्या सगळ्या शीट मी एकाच पाकिटात कोंबल्या आणि सगळ्यांचं एकच कारण शोधत बसले. एके दिवशी त्या खिडकीच्या काचेला ओळीनं चिकटवल्या, प्रत्येकीखाली वहीतली नोंद लावली, तेव्हा दिसलं की रोग तीन आहेत. काही शीट दर वेळी साधारण सारख्याच पातळ होत्या, आणि त्या सगळ्या जवळून काढलेल्या चेहऱ्यांच्या किंवा लहान वस्तूंच्या. काही शीट त्याच जागी, त्याच अ‍ॅपर्चरला काढून एक बरी आणि एक पातळ. उरलेल्या साफ कोऱ्या. पहिल्या थप्पीत हिशेब चुकतो, दुसरीत वीज दगा देते, तिसरीत शटर आणि स्ट्रोब यांची वेळ जुळत नाही. तिन्हीवर एकच औषध शोधणारा माणूस माझ्यासारखाच वर्षभर फिरत राहील.

पातळ शीट हातात आली की आणखी एक खात्री करून घ्या. उजेड कमी पडलाय की धुणं कमी झालंय? माझ्याकडे यासाठी दशावतारातला राक्षस, संकासुर आहे. त्याचा पोशाख काळाकुट्ट, आणि राजाच्या अंगावर जर. संकासुराच्या काळ्या कापडाच्या चुण्या निगेटिव्हवर दिसतच नसतील, तिथं नुसती पारदर्शक फिल्म असेल, तर उजेड कमी पडला. चुण्या दिसतात पण राजाची जर मरगळलेली, राखाडी आहे, तर डेव्हलपर कमी पडला. काळ्या भागाचं भवितव्य शटर मिटताना ठरलेलं असतं. नंतर डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवलं तरी तिथं फारसं काही उगवत नाही.

यात आपल्याकडची एक गंमत आहे. डेव्हलपरच्या कागदावर वेळ दिलेली असते ती २० अंशाची. एचपी५ प्लस ही फिल्म आयडी-११ या डेव्हलपरमध्ये, पाणी न मिसळता, २० अंशाला साडेसात मिनिटं. चैत्रात माझ्या टाकीतलं पाणी २८ अंशाच्या खाली येत नाही. मी सुरुवातीला तसंच धूत होते, त्यामुळे जर आणि चेहऱ्यावरचा रंग भरपूर गडद यायचा (निगेटिव्हवर उजळ भाग गडद असतो), निगेटिव्ह लांबून भरलेली वाटायची आणि काळ्या भागात काही नाही हे लक्षातच यायचं नाही. उजेडातली कमतरता गरम पाण्यानं झाकली होती. आता पिशवीत बर्फ घालून पिशवी पाण्यात सोडते, पाणी २० वर आणते आणि मगच घड्याळ लावते. गरम पाण्यात वेळ घटवूनही चालतं, पण वेळ पाच मिनिटांखाली गेली की शीटवर पट्टे पडायची भीती असते.

शेवटची शंका, शीट उलटी तर भरली नाही ना? अंधारात शीट उभी धरली आणि कडेच्या खाचा वर उजव्या कोपऱ्यात लागल्या की इमल्शन (उजेड टिपणारा थर) तुमच्याकडे असतं. उलट्या भरलेल्या शीटला पाठीमागून उजेड लागतो, चित्र अगदी पातळ येतं आणि डावं-उजवं बदलतं. मी हे दोनदा केलंय. दोन्ही वेळा दोष स्ट्रोबला दिला.

कोरी शीट: शटरच्या बाजूची ती छोटी कळ

शीट कोरी असेल तर आधी स्वतःवर संशय घ्या. डार्क स्लाइड, म्हणजे शीट ठेवायच्या होल्डरचं सरकतं झाकण, ओढलीच नसेल. होल्डरच्या स्लाइडची पांढरी बाजू बाहेर म्हणजे शीट न वापरलेली, काळी बाजू बाहेर म्हणजे उजेड लागलेली. हा रिवाज सोडला की सगळं विसरायला होतं. त्या रात्रीची स्लाइड मात्र मी नक्की ओढली होती, कारण ती काकांनीच हातात धरली होती.

माझी २१० मिलिमीटरची लेन्स जुन्या काँपूर शटरमध्ये बसवलेली आहे. या शटरच्या कडेला एक छोटी कळ असते आणि तिच्यापाशी एम, एक्स आणि व्ही अशी अक्षरं कोरलेली असतात. व्ही म्हणजे सेल्फ टायमर. एक्स म्हणजे आपला इलेक्ट्रॉनिक फ्लॅश. एम जुन्या काळातल्या बल्बसाठी, जे एकदाच पेटायचे आणि मग फेकून द्यायचे. तो बल्ब ठिणगी मिळाल्यापासून पुरता पेटायला सुमारे २० मिलिसेकंद घ्यायचा. म्हणून एम वर शटर आधी ठिणगी देतं, थोडं थांबतं आणि मग पाकळ्या (आतली पातळ पाती) उघडतं. स्ट्रोबला असा वेळ लागत नाही. तो ठिणगी मिळाली की त्याच क्षणी उडतो आणि हजारांश सेकंदाच्या आसपास विझतोही. म्हणजे एम वर स्ट्रोब उडतो, सगळ्यांना दिसतो, काका डोळे मिचकावतात, आणि शटर उघडतं तेव्हा मांगरात पुन्हा अंधार. एक साठांश सेकंद आणि एफ २२ एवढ्या लहान भोकाला मॉडेलिंग दिव्याचा (स्ट्रोबमधल्या सतत पेटत्या दिव्याचा) उजेड शीटवर ठिपकासुद्धा उमटवत नाही.

तिसऱ्या आणि चौथ्या शीटच्या मध्ये मी शटर पुन्हा भरलं तेव्हा अंधारात बोट त्या कळीला लागलं असणार. आता ती कळ एक्स वर ठेवून तिच्यावर काळी चिकटपट्टी मारली आहे. नव्या कोपाल शटरना ही कळ नसते, त्यांना फक्त एक्सच कळतो. ज्यांच्याकडे कोपाल आहे त्यांनी हा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल.

पण चिकटपट्टीवर विश्वास ठेवण्याआधी डोळ्यानं बघा. वेळ जुळते की नाही हे बघायला शीट जाळायची गरज नाही. कॅमेऱ्याचं मागचं फ्रेम काढा, लेन्स पूर्ण उघडी ठेवा, शटर एक साठांशावर लावा. स्ट्रोब सगळ्यात कमी ताकदीवर ठेवून पांढऱ्या भिंतीकडे वळवा आणि कॅमेराही त्याच भिंतीकडे. खोली अंधारी करा. मग भात्याच्या (लेन्स आणि फिल्म यांच्यामधल्या घडीच्या नळीच्या) मागून लेन्सकडे बघत शटर दाबा. वेळ जुळत असेल तर उजेडाचं भरलेलं गोल दिसतं, लेन्सच्या काचेएवढं, काठ स्वच्छ. स्ट्रोब जरा आधी किंवा जरा उशिरा उडत असेल तर चांदणीचा आकार दिसतो, कारण पाकळ्या अर्ध्याच उघडलेल्या असतात. काहीच दिसलं नाही तर तुमची कळ एम वर आहे, नाहीतर आणखी मोठा घोळ आहे. स्ट्रोबच्या नळीकडे थेट बघू नका. भिंतीवरचा उजेड पुरेसा असतो.

हे दहा वेळा करा, एकदा नाही. माझ्या शटरनं दहापैकी आठ वेळा भरलं गोल दाखवलं आणि दोनदा काहीच नाही, म्हणजे स्ट्रोब उडालाच नाही. तिथून पुढची भानगड कळली.

पाकळ्यांच्या शटरला कुठल्याही वेगावर फ्लॅश जुळतो, डिजिटलसारखी दोनशेच्या वर जायची बंदी नाही. म्हणून काही जण हौसेनं चारशेवर लावतात. तसं करू नका. पूर्ण ताकदीवर स्ट्रोबचा उजेड हळूहळू मावळतो, आणि शटर घाईनं मिटलं तर त्याचं शेपूट कापलं जातं. साठ किंवा एकशे पंचवीस पुरे.

खारी हवा आणि ते इवलंसं भोक

शटरच्या कडेला पीसी सॉकेट असतं, स्ट्रोबकडे जाणारी कॉर्ड त्यात बसते. प्रोंटॉर आणि काँपूर या दोन जर्मन शटरांच्या नावांवरून ते पीसी. मध्ये एक सुई, भोवती एक बारीक कडं, आणि दोन्हीमध्ये जेमतेम केसाएवढी जागा. किनाऱ्यापासून मैलभर आत राहणाऱ्या माणसालाही ठाऊक असतं की आपल्याकडे खिडकीचे गज, मोटारसायकलची साखळी, देवघरातली समई, काहीही खारी हवा सोडत नाही. ती या भोकात शिरणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

भिंगातून पाहिलं तर कड्याच्या आत हिरवट पापुद्रा. पितळेच्या भांड्याला कल्हई नसली की त्यात ठेवलेलं ताक कळकतं, तसा तो कळक. त्यातून वीज कधी जाते, कधी जात नाही. कॉर्ड किंचित हलवली की जाते. म्हणून घरी टेबलावर चाचणी घेतली की सगळं ठीक, आणि मांगरात कॅमेरा वाकवला, कॉर्ड लोंबली, की फुसका बार.

स्वच्छ करायला मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळणारा आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दातकोरणीला कापसाचा एक तंतू गुंडाळा, अल्कोहोलमध्ये बुडवून पिळून काढा आणि आत हलकेच फिरवा. तीन-चार तंतू हिरवे निघतील. समईला लावतो तशी चिंच किंवा लिंबू लावायचा मोह होईल, पण आंबट पाणी आत राहिलं तर आहे त्याहून वाईट होईल. आणि गंजावर फवारायचं तेल तर अजिबात नको. ते पाझरत पाकळ्यांपर्यंत जातं, पाकळ्या एकमेकींना चिकटतात आणि मग शटर कारागिराकडे पाठवायचा खर्च उभा राहतो.

सॉकेट स्वच्छ झालं की कॉर्ड बघा. प्लगचं बाहेरचं कडं वापरून ढिलं होतं, ते बारीक पकडीनं अगदी जरासं दाबलं की पुन्हा घट्ट बसतं. जोरात दाबलं तर अंडाकृती होतं आणि मग शिरतच नाही. त्यापेक्षा नवी कॉर्ड घ्यावी.

सगळं झाल्यावर मल्टिमीटर बीपवर ठेवा. एक टोक कॉर्डच्या एका तारेला, दुसरं दुसऱ्या तारेला. शटर बी वर (दाबून धरेपर्यंत उघडं राहील असं) लावून दाबून धरा. पाकळ्या उघडल्या की बीप आली पाहिजे. शटर सोडलं की थांबली पाहिजे. धरून ठेवलेलं असताना कॉर्ड सॉकेटपाशी हलवा. बीप तुटली तर दोष तिथंच आहे, तुमच्या डोक्यात नाही.

कॉर्डऐवजी रेडिओ ट्रिगर (स्ट्रोबला बिनतारी इशारा देणारी डबी) लावला तरी ही भानगड सुटत नाही, कारण ट्रिगरलाही बातमी त्याच पीसी सॉकेटमधून मिळते. ट्रिगरचा फायदा वेगळा आहे. जुन्या स्ट्रोबमध्ये कॉर्डवर दोनशे व्होल्टच्या वरही दाब असू शकतो. यांत्रिक शटर तो सोसतं, पण दर ठिणगीला आतला संपर्क थोडा थोडा जळतो, आणि जूनमधल्या ओलसर हातांना चांगला झटका बसतो. ट्रिगर मध्ये आला की शटर आणि माणूस दोघंही त्या दाबापासून सुटतात.

आता एक गोष्ट जरा दरडावून सांगते. स्ट्रोब स्वतः उघडू नका. प्लग काढून ठेवलेल्या स्ट्रोबच्या कपॅसिटरमध्येही शेकडो व्होल्ट साठून राहतात आणि ते माणूस मारू शकतात. नळी बदलायची असेल तरी आधी बंद करा, प्लग काढा, साठलेला भार उडवा, थोडा वेळ जाऊ द्या.

कधी बरी, कधी पातळ: बागेचा पंप

तिसऱ्या शीटचं कोडं सुटायला जास्त दिवस लागले, कारण घरी ते कधी घडायचंच नाही.

स्ट्रोबची ताकद कपॅसिटरमध्ये साठलेल्या विजेवर ठरते, आणि ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. व्होल्टेज १० टक्के उतरलं की साठलेली ऊर्जा १९ टक्के उतरते, म्हणजे साधारण एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). २३० ऐवजी १९० वर आलं तर अर्ध्या स्टॉपहून थोडं जास्त. चांगल्या स्ट्रोबच्या आत हा चढउतार सावरणारी मंडळं असतात, ते फक्त भरायला जास्त वेळ घेतात. माझ्यासारख्यांकडे असतात त्या स्वस्त स्ट्रोबमध्ये बाहेरचं व्होल्टेज उतरलं की आतलंही उतरतं.

मांगरात वीज घरातून येत होती, ५० मीटर बारीक वायरवरून. त्याच वायरवर दोन्ही स्ट्रोबचे अडीचशे वॉटचे मॉडेलिंग दिवे. आणि तिसऱ्या शीटच्या वेळी, हे मला नंतर घरमालकांनी सांगितलं, पोफळीच्या बागेला शिंपणं सुरू झालं होतं. पंपाची मोटर सुरू झाली की घरातले दिवे पिवळे होतात हे कोकणात शाळेतलं पोरही सांगेल. मी मात्र भात्यात डोकं खुपसून बसले होते.

तपासायचं कसं? फ्लॅश मीटर घेऊन बसा आणि एकाच जागी, एकाच ताकदीवर दहा वेळा स्ट्रोब उडवा, दर वेळी आकडा वहीत लिहा. माझ्या एका स्ट्रोबचे आकडे एक दशांश स्टॉपच्या आत राहिले. दुसऱ्यानं दहापैकी तीनदा अर्धा स्टॉप खाल्ला. त्यात अर्धी चूक माझी होती. 'तयार' म्हणून दिवा लागला की मी लगेच दाबत होते. काही स्ट्रोबचा हा दिवा पूर्ण भरायच्या आधीच लागतो. दिव्यानंतर मनात दहा आकडे मोजायला लागल्यापासून फरक निम्मा झाला. मॉडेलिंग दिवे फोकस झाल्यावर बंद केले, वायर जाड घेतली, उरलेला फरकही गेला. पंपाचं काय करायचं, तर अर्धा तास बंद ठेवा म्हणून सांगायचं. लोक आनंदानं ऐकतात, फक्त आधी विचारावं लागतं.

याच्या उलटंही घडतं. स्ट्रोबची ताकद कमी केली तरी जुन्या यंत्रांत आधीचा जास्त भार तसाच राहतो, आणि पुढचा फ्लॅश जुन्याच ताकदीनं उडतो. शीट काळीठिक्कर. ताकद खाली आणली की एक फ्लॅश फुकट उडवायचा.

वीज गेल्यावर स्ट्रोब घरच्या साध्या इन्व्हर्टरवर चालवायचा विचार असेल तर तो सोडा. त्या इन्व्हर्टरची चौकोनी लाट स्ट्रोबला सोसत नाही. शुद्ध साइन वेव्हचा इन्व्हर्टर आणि बनवणाऱ्याची परवानगी, दोन्ही असेल तरच.

कायम पातळ: भात्याची लांबी

इथं यंत्र निर्दोष असतं आणि माणूस गणितात चुकतो, तेही डिजिटलच्या सवयीमुळे. मी मीटर लावायचे, एफ २२ यायचं, लेन्सवर एफ २२ लावायचे. लांबच्या फोटोत बरोबर. जवळून चेहरा घेतला की पातळ, आणि सावंतवाडीच्या गंजिफाची (रंगवलेल्या गोल पत्त्यांची) पानं घेतली की फारच पातळ.

कारण असं. लेन्सवरचे एफ आकडे अनंतावर फोकस असताना खरे असतात. वस्तू जवळ आली की भाता ओढावा लागतो, लेन्स फिल्मपासून लांब जाते, आणि तोच उजेड मोठ्या जागेत पसरतो. डिजिटलच्या मॅक्रो लेन्सलाही हे लागू आहे, पण तिथं कॅमेरा आतल्या आत मोजून भरपाई करतो. हातातल्या फ्लॅश मीटरला तुमचा भाता किती ओढलाय याची गंधवार्ता नसते. चाचणीसाठी शेजारी डिजिटल कॅमेरा लावला तर त्यालाही नसते.

हिशेब सोपा आहे. लेन्सबोर्डपासून (लेन्स बसवलेल्या फळीपासून) ग्राउंड ग्लासपर्यंतचं (मागच्या, फोकस बघायच्या दुधी काचेपर्यंतचं) अंतर शिंप्याच्या टेपनं मोजा. त्याला लेन्सच्या फोकल लांबीनं भागा आणि येईल त्याचा वर्ग करा. तितकी पट उजेड जास्त हवा. माझी लेन्स २१० ची. चेहऱ्यासाठी भाता ३०० पर्यंत ओढला तर भागाकार १.४३, वर्ग २.०४, म्हणजे दुप्पट, एक स्टॉप. काकांच्या कपाळावरचा टिळा मोठा हवा म्हणून ३६० पर्यंत गेले तर जवळजवळ तिप्पट, दीड स्टॉप. गंजिफाचं गोल पान फिल्मवर जसंच्या तसं, मापाला माप हवं असेल तर भाता ४२०, चौपट, दोन स्टॉप. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पानं असतात. त्यातली आठ मी दोन-दोन स्टॉप कमी उजेडात काढली आणि लाखेच्या चमकीला दोष दिला.

आता मी टेपवरच नेलपॉलिशनं खुणा केल्या आहेत: २५० ला अर्धा, ३०० ला एक, ३६० ला दीड, ४२० ला दोन. भाता ओढला, टेप लावली, खूण वाचली, झालं. टेलिफोटो बांधणीच्या लेन्सला हा हिशेब असा सरळ लागू होत नाही. तशी लेन्स असेल तर चाचणी काढूनच ठरवा.

भात्याचा हिशेब करूनही शीट पातळच येत असेल तर अ‍ॅपर्चरच्या पट्टीवर संशय घ्या. जुन्या बाजारातल्या लेन्सच्या काचा कधी कधी दुसऱ्याच शटरमध्ये बसवलेल्या असतात आणि शटरवरची पट्टी भलत्याच लेन्सची असते. २१० ला एफ ११ म्हणजे २१० भागिले ११, एकोणीस मिलिमीटर. लेन्समध्ये समोरून, जरा लांबून बघा आणि दिसणाऱ्या भोकापुढे पट्टी धरा. एकोणीसच्या आसपास दिसलं तर ठीक. सोळा दिसलं तर तुमची पट्टी अर्धा स्टॉप खोटं बोलते आहे.

आणि ताकदच पुरत नसेल तर

दोन स्टॉपची भरपाई आणायची कुठून? माझ्या ४०० वॉट-सेकंदाच्या स्ट्रोबला सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) लावला की दीड मीटरवर, आयएसओ (फिल्म उजेड किती पटकन टिपते त्याचा आकडा) १०० ला, एफ ११ मिळतो. चार बाय पाचवर २१० ची लेन्स एफ ११ ला लावली तर काकांचं नाक स्वच्छ आणि कान धुक्यात. एफ २२ हवाच. म्हणजे चौपट उजेड, वर भात्याचे एक-दोन स्टॉप.

माणसांसाठी माझं उत्तर आयएसओ ४०० ची फिल्म आणि सॉफ्टबॉक्स जवळ आणणं. अंतर निम्मं केलं की उजेड साधारण दोन स्टॉपनं वाढतो. सॉफ्टबॉक्स फार मोठा असेल तर थोडा कमी, म्हणून मीटर पुन्हा लावायचाच. गंजिफासाठी खोली पूर्ण अंधारी करून शटर बी वर उघडं ठेवते आणि स्ट्रोब पुन्हा पुन्हा उडवते. दोनदा उडवला की एक स्टॉप, चारदा दोन, आठदा तीन. मॉडेलिंग दिवे बंद, दाराच्या फटीला चादर, आणि आठ फ्लॅश होईपर्यंत कुणी लाकडी फळ्यांवर चालायचं नाही. माणसावर हा प्रयोग करू नका. चौथ्या फ्लॅशपर्यंत काकांना तीन भुवया आल्या होत्या.

पुढच्या जत्रेत शीट भरायच्या आधी पाच मिनिटं काढली. कळीवरची पट्टी बघितली, भिंतीकडे दहा वेळा शटर दाबून गोल बघितलं, मीटरचे पाच आकडे लिहिले, पंपाचं विचारून घेतलं. काकांच्या सहा शीट काढल्या, सहाही भरल्या. एकीत त्यांनी डोळे मिटलेत, त्याला इलाज नाही.

पावसाळ्यात शटर आणि कॉर्ड मी बरणीत ठेवते, तळाशी सिलिका जेलच्या पुड्या. त्या निळ्याच्या गुलाबी झाल्या की तव्यावर मंद आचेवर पुन्हा निळ्या होईपर्यंत तापवायच्या. तो तवा मात्र पुन्हा भाकरीला घ्यायचा नाही. कॉर्ड दर वर्षी गणपतीनंतर नवी आणते. जुनी फेकवत नाही म्हणून खिळ्याला लटकवून ठेवली आहे, आणि कधी घाईत तीच पिशवीत जाते, म्हणून तिला लाल दोरा बांधलाय.